निरंक गल्ली

राग शिळा होतो म्हणतात. माझा झालेला नाही. कोणी म्हणालं की झालं गेलं, महामारी होती, सगळेच घाबरलेले होते, की मला तिथल्या तिथे भांडावंसं वाटतं. घाबरलेली मीही होते. पण ती भीती आकाशातून पडली नव्हती. चार माणसांनी बसून, ठरवून, रंगीत कागदांवर छापून ती आमच्या हातात दिली होती आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं ती दारोदार वाटत फिरलो होतो.

ही हकिकत एका फॉर्ममधल्या एका रकान्याची आहे. तो रकाना मी भरला, खोटा भरला, आणि त्या खोट्यापायी माझ्या भावाकडे काम करणाऱ्या बाईवर आळ आला. तिची कामं गेली, राहती खोली गेली, इंदूर सुटलं. मी मात्र होते तिथेच आहे आणि अजून मुलांना गणित शिकवते.

दुसऱ्या लाटेत शाळा बंद होत्या, म्हणून आम्हा शिक्षकांना सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. रोज सकाळी नेमून दिलेल्या गल्ल्यांत घरोघरी जायचं, कपाळासमोर ते पिस्तुलासारखं तापमापक धरायचं, सर्दी, खोकला, ताप आहे का विचारायचं आणि फॉर्म भरायचा. काही नसेल तर रकान्यात 'निरंक' लिहायचं. सरकारी कागदांचा हा लाडका शब्द. निरंक म्हणजे काही नाही, कळवण्याजोगं काही घडलेलं नाही.

ड्यूटीच्या आदल्या दिवशी प्रशिक्षण झालं. एका मोठ्या हॉलमध्ये एकमेकींपासून लांब लांब खुर्च्या टाकून आम्हाला बसवलं आणि एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवू लागला. सभ्य होता, दर वाक्यात 'मैडम' म्हणत होता. पहिल्या पोस्टरवर एक खोकणारा माणूस होता, त्याच्यामागे भिंतीवर हार घातलेले चार फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'गलती एक की, सज़ा पूरे घर की'. मग त्यानं एक लाल कागद दाखवला. ज्या घरात रुग्ण निघेल त्या दारावर तो चिकटवायचा होता.

"डर बैठना चाहिए," तो म्हणाला. "डर बैठेगा तभी लोग मानेंगे. प्यार से समझाने का टाइम नहीं है."

मी हात वर केला. म्हटलं, साहेब, मी एकोणतीस वर्षं वर्गावर उभी आहे. छडी हातात घेऊन 'गृहपाठ कोणी केला नाही, उभे राहा' असं म्हटलं तर एकही मूल उभं राहत नाही. वह्या घरी राहतात, पोटं दुखतात, एकेका आजीला वर्षातून तीनदा मरण येतं. पण 'ज्यांचं राहिलंय ते पुढे या, आपण मिळून करू' असं म्हटलं की अर्धा वर्ग पुढे येतो. तुम्हाला आजारी माणूस सापडायला हवा ना? मग त्याला आधीच चोर का ठरवता?

"मैडम, बच्चों की बात अलग है," तो हसून म्हणाला, आणि हॉलभर सगळे मास्कच्या आत हसले.

अलग काही नसतं. मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त खोटं बोलतात, कारण त्यांच्यापाशी घालवण्यासारखं जास्त असतं. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. पडद्यावर पुढचं चित्र आलं होतं आणि मागे चहाचे कप वाजू लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून ते सगळं कानांवर पडायला लागलं. आमच्याकडे कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत येते आणि माणसं तिच्यावर घड्याळ लावतात. त्या दिवसांत गाण्याच्या जागी घोषणा लागल्या. 'बीमारी छिपाना अपराध है.' आणि त्याच दमात, 'लक्षण दिखें तो तुरंत जाँच कराएँ.' मारकुट्या मास्तरानं एका हातात छडी धरून दुसऱ्या हातानं 'ये बाळ, जवळ ये' म्हणावं, तसं. पहिलं वाक्य ऐकूनच माणूस आत लपायचा. दुसरं वाक्य मनावर घेतलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तिचं काय झालं तेच सांगायला मी बसले आहे.

माझ्या वाट्याच्या गल्ल्यांत एक दादाची होती. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला आणि गल्लीच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष. आमचे वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. वेळ, नियम आणि सही-शिक्का यांच्यावरची त्यांची सगळी श्रद्धा दादाच्या वाट्याला आली, मला फक्त त्यांचा तापट स्वभाव मिळाला. दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्या दिवसांत कोणी उंबरा ओलांडत नव्हतं, तेव्हा भल्या सकाळी सियागंजच्या किराणा बाजारात जाऊन गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी तेल, डाळ, साबण आणणारा तोच होता.

पण कोपऱ्यावरच्या घरात रुग्ण निघाला आणि दारावर लाल कागद लागला, तेव्हा ह्याच दादानं त्या कागदाचा फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लापरवाही का नतीजा. सभी ध्यान दें.' त्या घरात पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघंच. त्यांनी काय लापरवाही केली असं विचारलं असतं तर दादाला सांगता आलं नसतं. कागद लाल होता, एवढा पुरावा गल्लीला पुरला. लोक ते घर आलं की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. दूधवाला पातेलं फाटकाबाहेर ठेवा म्हणू लागला. पुढे गृहस्थ बरे झाले, कागद निघाला, तरी त्याचा गोंद दारावर राहिला. त्यांच्या बायकोला तो गरम पाण्यानं आणि सुरीनं खरवडताना मी पाहिलं. तिच्याशी कोणी बोललं नाही. मीही फॉर्म हातात धरून घाईत होते.

मला संताप येतो तो इथे. आजार कसा पसरतो हे त्या कागदानं कोणाला शिकवलं नाही. आजारी पडतो तो गुन्हेगार, एवढंच शिकवलं. आणि एकदा हे डोक्यात बसलं की स्वतःला कणकण आल्यावर माणसाला डॉक्टर आठवत नाही, तो कागद आठवतो. ज्यानं दुसऱ्याच्या दारावरच्या कागदाचा फोटो काढलेला असतो, त्याला तर तो सगळ्यांत आधी आठवतो.

त्यातच वरून नवी कल्पना आली. नुसती भीती पुरेना, म्हणून आता बक्षीस. जी गल्ली सलग चौदा दिवस निरंक राहील तिच्या तोंडाशी हिरवा बॅनर लागणार, 'निरंक गली, आदर्श गली'. आमच्या शहराला पहिला नंबर यायची सवय झाली आहे. स्वच्छतेत पहिले आलो त्याचा मलाही अभिमान आहे, माहेरच्या कौतुकासारखा मी तो बाहेरगावी मिरवते. पण आजारात नंबर कसा काढणार? कचरा उचलता येतो. ताप उचलता येत नाही, फार तर झाकता येतो. असली कल्पना काढणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायला हवं, असं मी तेव्हाच म्हटलं. फक्त स्वयंपाकघरात म्हटलं, आणि नवऱ्याला.

दादाला ती कल्पना इतकी आवडली की त्यानं सुतळी आणून ठेवली. बॅनर कुठल्या दोन खांबांना बांधायचा ते पावलं टाकून मोजून झालं. रोज सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज पडायचा, 'आज आठवाँ दिन, निरंक.' खाली टाळ्यांची रांग. आणि रोज माझ्या फॉर्मचा फोटोही तो मागून घेऊन तिथे टाकायचा, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी. बहीणच सर्वे करते याचा त्याला कोण आनंद.

दारं आता उशिरा उघडू लागली. आत कोणीतरी घाईनं खोलीत जायचं आणि मग कडी निघायची. एका घरातल्या काकूंचे डोळे लालबुंद, नाक गळतंय, आणि मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "कांदे चिरत होते गं, निरंक लिही." एका घरातून खोकल्याची उबळ ऐकू आली तर घरमालक म्हणाले, "वो टीवी चल रहा है मैडम." सगळी गल्ली मिळून माझ्याशी खोटं बोलत होती, आणि तेही इतक्या प्रेमानं, की मला परीक्षेत कॉपी करणारी माझी मुलं आठवायची. मी लिहीत गेले. तापमापक जे दाखवेल ते लिहायचं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

बाराव्या दिवशी मी दादाच्या दारात उभी राहिले. सकाळचे नऊ वाजले असतील. दादा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बाहेर कुठे जायचं नसताना. पंखा गरगरत होता, तरी त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि कॉलर भिजून काळपट झाली होती. काम करणारी बाई मागच्या दारातून बादली घेऊन येत होती, मला बघून तिनं नेहमीसारखं मान लववून 'नमस्ते मैडमजी' केलं आणि जिन्यानं वर गच्चीवर गेली.

मी तापमापक धरलं. सत्त्याण्णव पॉइंट सहा. घाम आलेल्या माणसाचं कपाळ थंडच लागणार.

तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला. माझ्या दोन मास्कमधूनही आला. दादाला करपलेल्या दुधाचा लहानपणापासून तिटकारा, थेंबभर लागलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. आता तो शांत बसून होता.

"दादा, दूध करपलंय."

"हो का?" तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघतच राहिला. त्याला कळलं की मला कळलंय.

"ताप कधीपासून आहे?"

"कुठला ताप? तुझी मशीन काय सांगते ते लिही ना."

"गोळी किती वाजता घेतलीस?"

उत्तर वहिनींनी दिलं, आतल्या दारातून, हातात ते करपलेलं भांडं घेऊन. "अगं, दोन दिवसांची तर बात आहे. चौदा दिवस पुरे होऊ दे, बॅनर लागू दे, मग करू ना टेस्ट. आत्ता लाल कागद चिपकवला तर मोहल्ल्यात ह्यांची काय इज्जत राहील? लोक जिंदगीभर बोलतील, अध्यक्षाच्याच घरी निघाला."

"वहिनी, लोकांचं सोडा. श्वास लागतोय का त्याला?"

"नाही गं, नुसता ताप. काढा देतेय. तू टेन्शन नको घेऊस."

"आणि बाई? ती दिवसभर इथे असते. तिला तरी सुट्टी द्या."

वहिनी जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदम सुट्टी दिली तर ती विचारेल क्यों. ती अजून दोन घरी जाते, तिथे बोलेल. तोंडाला फडकं बांधते ती, काही होत नाही."

मी चिडले होते, तरी हातात पेन होतं. दादा एकदम लहान आवाजात म्हणाला, "लिही ना गं." माझ्या अख्ख्या आयुष्यात दादानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी लिहिलं. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालंय, 'निरंक' सुरेख आला. खाली सही केली, आणि अर्ध्या तासानं त्या कागदाचा फोटो ग्रुपवर होता.

मला आता जर कोणी विचारलं की एवढं सगळं कळत असून का लिहिलंस, तर मी हेच सांगेन की कळण्याचा आणि लिहिण्याचा काही संबंध नसतो. प्रशिक्षणात मी ज्या मुलांबद्दल ऐटीत बोलले होते, त्यांच्यातलीच मी एक होते. छडी दिसली आणि मीही हात खाली ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात. त्या मुठीत आपण काय धरून ठेवलंय, हे विचारायची पद्धत नाही.

चौदा दिवस पुरे झाले. बॅनर लागला, दादानं स्वतः उभं राहून बांधून घेतला, त्याचा ताप तोवर उतरला होता आणि घरातला जिना चढताना लागणारा दम सोडला तर त्याला कसला त्रास नव्हता. टेस्ट काही त्यानं केली नाही. आता कशाला, म्हणाला.

पाच दिवसांनी बाईला ताप आला. तिनं काय केलं, तर कचरागाडीचा भोंगा रोज जे सांगत होता ते केलं. स्वतःच्या पायानं तपासणीच्या शिबिरात गेली, रांगेत उभी राहिली, खरं नाव लिहिलं, खरा पत्ता लिहिला आणि कुठल्या तीन घरी काम करते तेही सांगितलं. रिपोर्ट आला. रेल्वेलाइनच्या पलीकडे ती भाड्याच्या खोलीत राहायची, त्या दारावर लाल कागद लागला. तिला दवाखान्यात ठेवलं, ती वाचली, पण परत आली तेव्हा खोलीच्या मालकानं तिचं सामान ओसरीवर काढून ठेवलं होतं.

इकडे आमच्या आदर्श गल्लीत सभा भरली. रस्त्यातच, लांब लांब खुर्च्या टाकून. मला सर्वेवाली म्हणून बोलावलं होतं. समोरच्या घरातले वकील उभे राहिले. ते म्हणाले, विषय सोपा आहे. आपली गल्ली चौदा दिवस निरंक, त्याचे रोजचे फोटो आहेत. ती बाई पॉझिटिव्ह. म्हणजे रोग तिच्या बस्तीतून आला, इथून गेलेला नाही. आणि त्यांनी मोबाइल वर धरला. पडद्यावर माझं अक्षर होतं.

"भिया, ये तो प्रूफ है," मागून कोणीतरी म्हणालं.

मग सगळ्यांची जीभ सुटली. ह्या लोकांना स्वच्छता नसते. कुठे कुठे जाऊन येतात. आपण एवढं पाळायचं आणि ह्यांनी आणून घरात सोडायचं. परवापर्यंत जिनं ह्यांची खरकटी घासली, जिच्या हातची भाजी चिरलेली ह्यांनी खाल्ली, तिच्याबद्दल हे. कांदे चिरणाऱ्या काकू सगळ्यांत मोठ्यानं बोलत होत्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ह्याहून वेगळं काही तिथे चाललं नव्हतं. ठराव झाला की बाहेरून येणाऱ्या कामवाल्या बायकांना गल्ली बंद, आणि त्या बाईला तर कायमची.

मी दादाकडे बघत होते. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणून बोलायची त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सावधानी तो रखनी पड़ेगी," आणि बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी मुलांना कितीदा शिकवली असेल. त्या दिवशी फाशीचा कागद माझ्याच हातचा होता आणि मी खुर्चीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुण अधिकाऱ्याकडे गेले. सरळ सांगितलं की अमुक तारखेचा अमुक घराचा रकाना चुकीचा आहे, तिथे ताप लिहा. त्यानं मला पाणी दिलं.

"मैडम, पोर्टल तो लॉक हो गया. अब पुरानी तारीख में कुछ नहीं होगा."

"मग कागदावर सुधारा."

"काग़ज़ पर सुधारेंगे तो पूछा जाएगा कि पहले गलत किसने लिखा. आपका ही नुकसान है." तो खरोखर काळजीनं बोलत होता. मग म्हणाला, "और मैडम, आपकी तो पूरी गली निरंक थी. ऊपर बहुत तारीफ़ हुई आपकी."

माझ्या रागाला तिथे जागाच उरली नाही. ओरडावं तर समोर एक नम्र मुलगा, ज्याच्या मते त्याचा संदेश यशस्वी झाला होता. त्याच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. लोकांनी आजार लपवायला शिकून त्याला हवे ते आकडे दिले होते, आणि तो त्या आकड्यांना आरोग्य समजत होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर इथे घडा स्वतःला काठोकाठ भरलेला समजत होता.

त्या संध्याकाळी मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं. हिंदीत, सगळ्यांना कळेल असं, अर्थ हा: 'ताप पहिल्यांदा माझ्या भावाच्या घरात होता. बाराव्या दिवशी. मला माहीत होतं आणि मी निरंक लिहिलं. बाईला आजार आमच्याकडून गेला.' खाली एक हात जोडलेलं चित्र आलं. मग वकिलांनी लिहिलं, 'मैडम बहुत थक गई हैं, ड्यूटी कठिन है.' मग कोणीतरी काढ्याची कृती पाठवली आणि माझा मेसेज वर सरकून गेला. खरं सांगायला इतका उशीर केला की ते कोणाच्या कामाचं राहिलं नाही.

दादाचा फोन आला. "तू माझी इज्जत चौकात मांडलीस."

"आणि तिची कोणी मांडली, दादा?"

त्यानं फोन ठेवला. आता आम्ही लग्नकार्यात भेटतो आणि जेवण कसं झालंय एवढंच बोलतो.

बसगाड्या सुरू झाल्यावर मी तिला शोधत गेले. देपालपूरच्या पुढे एका गावात ती भावाकडे राहत होती. भावाच्या घरामागे लसणाच्या जुड्या बांधत बसली होती, खूप वाळलेली, बोलताना मध्ये थांबून श्वास घेणारी. मला बघून ती उठायला लागली, मी तिला खाली बसवलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बसमध्ये मी सगळं पाठ करून आले होते. ते एकदम बोलून टाकलं. ताप आमच्याकडे होता, तू नाही आणलास, मला माहीत होतं, मी खोटं लिहिलं, मला माफ कर.

ती लसणाच्या पाती सारख्या करत राहिली. म्हणाली, "मेरे को तो पता था, मैडमजी."

"कसं?"

"चादरें मैं ही धोती थी ना. रोज की दो-दो चादरें, पसीने में तर. और बाबूजी की थाली वैसी की वैसी लौटती थी." तिनं हातातल्या जुडीला गाठ मारली. "जिस दिन समझ में आया, उस दिन बहुत डर लगा. सोचा, कल से नहीं जाना. घर में सास थी तब मेरी, बूढ़ी. दूसरे दिन गेट तक आई और बाहर ही खड़ी रही बहुत देर."

"मग आत का गेलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जणू चूक तिची होती.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण खरंच विसरले होते. फॉर्म भरून झाला की घर तपासलं गेलं हे कळावं म्हणून फाटकाशेजारच्या भिंतीवर खडूनं बरोबरची खूण करायची पद्धत होती. वह्या तपासताना करतो तशी. हाताला इतकी सवय, की त्या सकाळी दादाकडून निघतानाही मी ती केली होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मी विचारलं म्हणून ती सांगत होती.

"आपका निशान देखा ना दीवार पे," ती म्हणाली. "सोचा, मैडमजी खुद अंदर जाके देख के गई हैं. पढ़ी-लिखी हैं, उनको मेरे से ज़्यादा समझता है. तो मैं चली गई अंदर."

"सासूबाई कशा आहेत?" मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली आणि पुढची जुडी बांधायला घेतली.